चिखलातल्या राखणदाराला भाकरी

३ ऑक्टोबर
शी. शी. शी. दुपारचं जेवण अजून वर येतंय. तारली चांगली ताजी होती, तिचा दोष नाही. दोष मयूच्या खेळाचा.
मयू म्हणजे माझी नात, माझ्या दिगूची मुलगी. पुण्याला अशाच टी.व्ही.वरच्या खेळांच्या हापिसात खेळांतल्या चुका शोधायची. त्यांनी तो विभागच बंद केला, तेव्हापासून इथे माझ्याकडे खाटेवर पडून. जेव म्हटलं तर दोन घास, बोल म्हटलं तर हं. आज आपणहून उठून टी.व्ही.ला ते यंत्र जोडलं, म्हणून मी खुशीत शेजारी जाऊन बसले. बघते तर काय, एक माणूस चिखलात तोंड खुपसून पडलेला, मानेला जळवा लागलेल्या. उठला आणि पहिलं काम काय केलं, तर बाजूच्या मढ्याच्या खिशातला पाव काढून खाल्ला. मढ्याच्या खिशातला!
मी म्हटलं, "आवशीक खाव, ह्यो तुझो हिरो?"
म्हणाली, "आजी, तो मीच आसय."
आणि बंद केलं. परत खाटेवर.

४ ऑक्टोबर
आज सकाळी भाजी निवडताना काढून घेतलं तिच्याकडून. बंगलोरला एक छोटी कंपनी आहे. त्यांना असं माणूस हवं की जे जगभर नावाजलेले मोठे मोठे खेळ खेळेल, जे लोक विकत आणतात आणि उघडतच नाहीत, आणि लोक का कचरतात ते लिहून देईल. परीक्षा म्हणून मयूला हा एक दिला आहे. आवडलं तर नोकरी, पण तिथे जाऊन राहायचं. आणि ही बाई स्वतःच उघडायला तयार नाही!
खेळाचं नाव इंग्रजी आहे, लांबलचक. मी चिखल म्हणते.
दिगूचा मुंबईहून फोन असतोच. दिवाळीपर्यंत काही झालं नाही तर कुडाळला मामाच्या काजू कारखान्यात हिशेबाला बसायचं, असं त्याने ठरवून टाकलंय. मला तर चांगलंच, रोज संध्याकाळच्या गाडीने घरी येईल. पण काजूचं नाव काढलं की तिचा चेहरा बघवत नाही.
"कित्याक भितंस तू त्या खेळाक? घाण आसा म्हणान?"
"घाण आसाच. पण सगळे म्हणतत ह्येच्यासारखो दुसरो नाय. आणि माका नाय आवडलो तर? म्हणजे माझ्यातच काय तरी कमी."
मला माझं लग्न आठवलं. सगळा गाव स्थळाची वाखाणणी करत होता, मुलगा असा नि मुलगा तसा, म्हणून मी बघायच्या दिवशी मान वरच केली नाही. नाही आवडला तर सांगू कोणाला? लग्नानंतर समजलं, मनुष्य ओटीवर बसून पायाची नखं दाताने काढतो. ईऽऽ. पण बरो होतो. मयूला हे सांगितलं तर म्हणाली, आजी, आजोबांचं मला नको सांगू जेवणाच्या आधी.
यंत्र मात्र जोडलं.

७ ऑक्टोबर
तीन दिवस चिखल चालू. मयू खेळते, मी बसते. मधे मधे प्रश्न येतात, उत्तरं खाली लिहिलेली असतात, त्यातलं एक निवडायचं. ती मालवणीत सांगते, मी निवडते. चिखलवाला आमचा वैद्य आहे, शहरातून हाकलून दिलेला. खेचरावर औषध लादून दलदलीतून एका तापाच्या गावाला चाललाय. काम चांगलं. पण वागणं! कोणाच्याही घरात शिरतो, ट्रंका उघडतो, घरचे तिथेच उभे. एका म्हातारीने वाम मासा शिजवला, आतडी न काढता, आणि ह्याने पिऊन टाकला तो रस्सा. मी उठून ओटीवर गेले. आयुष्य गेलं मासे साफ करण्यात, पण असं कधी बघितलं नाही. एका माणसाच्या पाठीवर फोड, त्यातून काय तरी वळवळतंय, आणि मयू म्हणते, दाबू? नको गो बाय, नको! दाबलंच तिने.
फिलू (शेजारची फिलोमिना) टोप परत द्यायला आली, ती उभ्याउभ्याच बघायला लागली, मग बसली.
"जेजू! ह्येना आंघोळ कधी केल्यान?"
मयू म्हणाली, "फिलूमावशी, हयसर आंघोळ नाय."
"मगे साबण खंय विकतत काय बघ गो! वैद्य म्हणे!"
मयू हसली. खोखो नाही, पण हसली. मी लक्ष नाही असं दाखवून वाती वळत बसले.

१० ऑक्टोबर
माझ्या तोंडावर शिरा पडो. लिहायला पण नको वाटतं.
पूल आला. पुलाआधी एक झाड, झाडाखाली दगड, आणि दगडाशी बसलेलं ते. ओलं, फुगलेलं, डोळ्यांच्या जागी भोकं, तोंडातून गांडुळासारखं लोंबतंय. त्याच्या अंगाचा वास मला टी.व्ही.तून आला, खरंच सांगते. मयूने मशाल काढली.
"काय करतंस?"
"जाळतंय. सगळे जाळतत ह्येका."
"सगळ्यांका अक्कल नाय. हद्दीवर बसलो, झाडाखाली, दगडाशी. तो राखणदार आसा!"
आता काय करू, आम्ही दरवर्षी कापणीआधी बांधावरच्या राखणदाराला भाकरी, सुकट नि विडी ठेवतो. हे होते तेव्हा हे ठेवायचे, आता मी ठेवते. दिल्याशिवाय त्याच्या हद्दीतून जायचं कसं? मयू म्हणाली, आजी, खेळ लिहिणाऱ्यांना आपला राखणदार काय माहीत. मी म्हटलं, राखणदार सगळीकडे असतो, नाव वेगळं असेल. खाली उत्तरांत "अन्न दे" असं होतंच की नाही? मग!
दिली भाकरी. खाल्ली. वाळवलेला मासा दिला, खाल्ला, काटे थुंकले. तंबाखू दिली. मला इतकं बरं वाटलं, मी हात पण जोडले. मग म्हणतो, अजून. दिलं. अजून. सगळी शिदोरी गेली. आणि मग
"आजी, तुझो राखणदार खेचर खाता!"
"थांबव त्येका!"
"कशी थांबवू? तूच भरवलंस!"
औषधासकट. खुरांसकट. ढेकर दिली मेल्याने.
मयूने पहिल्याच दिवशी असा प्रकार लावलाय की केलेलं मागे घेता येत नाही, कंपनीचीच अट. उठली आणि खाटेवर तोंड फिरवून झोपली. मी सोलकढी नेऊन ठेवली, तशीच राहिली.

११ ऑक्टोबर
फिलूने विचारलं, मी खरं ते सांगितलं. म्हणाली, "तू खेचर भरवलंस? आमी निदान मेणबत्तीच लावली असती."
हसायची वेळ आहे?
मयूच्या नोकरीचं मी वाटोळं केलं. दिगूचा फोन आला, काय चाललंय विचारलं. मयू म्हणाली, काय नाय. मी फोन घेतलाच नाही, कपडे वाळत घालायच्या नावाने मागे गेले.

१३ ऑक्टोबर
दुपारी झोपून उठते तर आवाज. मयू खेळतेय! खेचर नाही, औषध नाही, पायात एकच बूट, दुसरा चिखलात गेला. चालत तापाच्या गावाला पोचली. गावात कोणी उरलेलं नाही. विहिरीत बघू नको म्हटलं तरी बघितलं तिने. मी डोळे मिटले, पण आधी थोडं दिसलंच. पोरं पण होती. खेळातली असली म्हणून काय झालं, मी भाकरी दिली म्हणून ती तिथे.
"चेडवा, बंद कर गो. तुझा काम बिघडला माझ्यामुळे."
डोळे टी.व्ही.वरच. "आता बिघडलाच आसा ना? मगे भिवचा कित्याक?"
आणि मेलेल्या उंदराचं कातडं सोलून पायाला बांधलं. शीऽऽ. पण बोलली किती तरी. ह्या वाटेने कोणी जातच नाही म्हणे, सगळे जाळून पुढे जातात, इकडचं कुठे कोणी लिहिलेलं पण नाही. रात्री बांगड्याचं तिखलं पुन्हा मागून घेतलं. हाताने वाडग्यातला रस पण पुसून खाल्ला.

१६ ऑक्टोबर
कंपनीला लिहून धाडलं तिने, खेळ पुरता संपला नसतानाच. मला वाचून सांगितलं, इंग्रजीतून मालवणी करत. त्यात मी आहे! सुकट आहे, विडी आहे, फिलूचा साबण पण. मी म्हटलं, माझं नाव कशाला, हसतील. "हसू देत." पुढे लिहिलंय की फार नावाजलेल्या वस्तूला हात लावताना आपण तिला नाही, आपल्यालाच तपासत असतो, असं काही. मला अर्धं समजलं. खेचराचं लिहिलेलं चांगलं आहे, वाचताना परत किळस आली.

१९ ऑक्टोबर
कंपनीकडून काही नाही. दिगूने मामाला सांगून ठेवलं, दिवाळीनंतर पाठवतो म्हणून. मला विचारलं पण नाही.
खेळ शेवटाला आलाय. वैद्य आता शहराच्या वेशीशी उभा आहे, केसांत उवा, अंगाला तो उंदराचा वास, आणि दार उघडायचं की परत दलदलीत जायचं एवढंच राहिलंय. मयू कालपासून पुढे जात नाही. यंत्र चालू करते, त्याला उभा बघते, बंद करते.
"आता कित्याक भितंस?"
"भियत नाय गो." मग वायर गुंडाळत, "संपलो तर उद्या सकाळी उठान काय करू?"
तांदूळ पाखडायचे होते, ते पाखडले.

२१ ऑक्टोबर, सकाळी
मयू आपणहून फिलूबरोबर बंदरावर गेली मासे आणायला. इथे आल्यापासून पहिल्यांदा. पिशवी पण तिनेच घेतली. फोन मात्र खाटेवर विसरली.
तो वाजला. मी नाही उचलला. मी हात लावला की काय होतं ते बघितलंय. परत वाजला. परत. तेव्हा उचलला. बाईमाणूस, बंगलोरहून, पण मराठी बोलणारी! मयुरी आहेत का?
मी शुद्ध बोलायला गेले आणि तोंडातून आलं, "चेडू मासे घेऊक गेला आसा."
ती म्हणाली, "तुम्ही त्या आजी का?"
मी म्हटलं, होय. काय ते मला सांगू नका, तिलाच सांगा. म्हणाली, बरं, मी फोनवर थांबते. फोन बंद न करता पाटावर ठेवलाय, त्यातून कोणीतरी कागद चाळल्याचा आवाज येतोय. तेवढ्यात मी हे लिहिते.
वळणावर दोघी दिसल्या. पिशवीतून पाणी ठिबकतंय, पेडवे असणार, आणि मयू हातवारे करून फिलूला काय तरी घाणेरडंच सांगते आहे, कारण फिलूने नाकाला पदर लावलाय. हाक मारली तर धावत येईल.
मी हाक मारत नाही. येऊ दे चालत.