मधल्या बाकांवर न पोचलेला बास

मँडव्हिल, जमैका
सुगीच्या रविवारानंतरचा बुधवार

तीर्थरूप इसिल्डाताईला धाकट्या एग्बर्टचा दोन्ही गुडघे टेकून नमस्कार (उजवा जरा उशिरा टेकतो, राग मानू नये).

तुझी तब्येत कशी आहे? बर्मिंगहॅमला थंडी पडायला लागली असेल. मोजे घालत जा, आणि तो गॅसचा हीटर घराबाहेर पडताना बंद करतेस ना? मला इथे बसून त्या हीटरची इतकी काळजी वाटते की परवा मी उठून आपलाच स्टोव्ह बघून आलो. आयरिस बरी आहे. माझं प्रेशर वर-खाली चालू आहे. आयरिस रोज सकाळी सेरसीच्या पाल्याचा कडू काढा पाजते. त्याने प्रेशर उतरतं की नुसतं तोंड, हे अजून कळलेलं नाही. आपली पोर नॉव्हलेट ठणठणीत आहे. खरं म्हणजे तिच्याबद्दलच लिहायला बसलोय, पण तिच्यावर आलो की पेन खाली ठेवतो, म्हणून आधी बाकीचं.

तू बोटीने पाठवलेला बॅरल पोचला. तांदूळ, साबणाची पावडर, मॅकरेलचे डबे, आयरिसच्या चपला (दोन्ही डाव्या पायाच्या निघाल्या, ती म्हणते, चर्चमध्ये बाकाखाली कोण बघतंय) आणि तळाशी टॉवेलांत गुंडाळलेले ते खर्जाच्या स्पीकरचे दोन वूफर. ताई, एकवीस इंची! अगं, तीस वर्षं मी नाचाच्या साऊंडवाल्यांना स्पीकरच्या पेट्या करून देतोय, पण अठरा इंचांच्या पुढे कधी गेलो नाही. अठरा इंचांना माणसं नाचतात. एकवीस इंचांना काय होतं ते बघायची मला कधी हौस नव्हती.

पण तुझं म्हणणं बरोबर होतं. पोरगी नऊ वर्षं चर्चमध्ये बास गिटार वाजवते, आणि चर्चची ती जुनी टीचभर पेटी. नॉव्हलेटची बोटं दिसायची, आवाज मात्र डब्यात माशी अडकल्यासारखा. आणि तूच त्या तुझ्या जुन्या ओळखीच्या फियरनसाहेबांना लिहिलंस, की तुमच्या मोंटेगो बेच्या हॉटेलातल्या बँडला बासवाला हवाय ना, मग सुगीच्या रविवारी येऊन माझी भाची ऐका. (हे तुलाच ठाऊक आहे, मी तुलाच का सांगतोय? मी घाबरलो की सगळं पहिल्यापासून सांगतो.)

तर मी पेट्या करायला घेतल्या. वूफर मोठा तर पेटीही मोठी लागते, आत हवा पुरली नाही तर तो गुदमरतो. मी हिशेब केला, भीती वाटली म्हणून चार इंच वाढवले, परत भीती वाटली, परत वाढवले. शेवटी एकेक पेटी आयरिसच्या खांद्याला लागली. ती म्हणाली, "स्पीकर करतोयस की पाहुण्यांना राहायला खोली?" म्हटलं, तू गप्प बस, मला मोजू दे. पहिली पेटी तयार झाली तर हिने लगेच तिच्यावर क्रोशाचा रुमाल पसरला, प्लॅस्टिकची फुलं ठेवली, चिनी मातीची तीन कुत्री ठेवली. घरात सपाट काही दिसलं की हिचा हात थांबत नाही. मी सांगितलं, बाई, काढ ते. "आधी वाजू तर दे तुझी," म्हणाली. नॉव्हलेटने सगळ्यात जाड तार एकदाच छेडली. कुत्री ओळीने चालत निघाली आणि एकामागून एक खाली पडली. अंगणातल्या ॲकीच्या झाडाची फळं पडली ती वेगळीच. पलीकडच्या मिस पर्ल डोक्यावर चर्चची हॅट घालून बाहेर धावत आल्या (भूकंपातसुद्धा त्या उघड्या डोक्याने देवासमोर जाणार नाहीत) आणि ओरडल्या, "एग्बर्ट, मेल्या, ग्लासातले माझे दात बोलायला लागले!" नॉव्हलेट मात्र तारेवर हात ठेवून उभी होती. म्हणाली, "बाबा, हा माझा आवाज आहे?" ताई, तिचा चेहरा बघून मी पडलेली कुत्री वेचायला वाकलो. त्या दिवसापासून मला जेवण गोड लागत नाही.

रविवारी दुपारी चर्च भरलं. खांबांना ऊस बांधलेले, पुढे रताळी, भोपळे, केळ्यांचे घड. वेदीच्या एका बाजूला एक पेटी, दुसऱ्या बाजूला दुसरी. फियरनसाहेब आले, उंच, करड्या सुटातला, टाय न सोडणारा माणूस. मी स्वतः त्यांना हाताला धरून बरोबर मधल्या बाकावर बसवलं, मानाची जागा म्हणून. आणि नॉव्हलेटने सुरुवात केली.

काय सांगू! डावीकडची माणसं छातीवर हात ठेवून उठली. उजवीकडे ब्रदर ऑबिनच्या मांडीवरचं बाळ हिसका बसल्यासारखं खदाखदा हसायला लागलं. एक भोपळा गडगडत पास्टर गेल यांच्या पायाशी आला. आणि मधल्या बाकांवर? काही नाही! ड्रम ऐकू येतोय, टाळ्या ऐकू येतायत, बासच्या नावाने शून्य. फियरनसाहेबांनी आधी कान खाजवला, मग शेजारणीला विचारलं, "मुलगी बोटं छान चालवते, पण वाजवते कधी?" शेजारीण म्हणाली, साहेब, नऊ वर्षं आम्हालाही हाच प्रश्न आहे. तिकडून कडेचे लोक हातवारे करून सांगायला लागले, अहो, केवढा हा बास! मधले म्हणाले, कुठाय? कडेचे म्हणाले, बहिरे झालात काय? चर्चमध्ये, ताई, स्तोत्र चालू असताना, दोन तट पडले. पास्टर हात वर करून म्हणाले, "भावांनो, मला तर तो गुडघ्यांत जाणवतोय," तर मधून कुणीतरी म्हणालं, ते संधिवाताने. नॉव्हलेटला वाटलं आपणच हळू वाजवतोय. पोरीने इतक्या जोराने तारा ओढल्या की बोटाची साल निघाली. कडेच्या खिडक्या खडखडल्या. फियरनसाहेब स्थितप्रज्ञासारखे बसून राहिले, आणि दुसरं स्तोत्र संपल्यावर, "कळवतो," एवढंच म्हणून मधल्या वाटेने सरळ निघून गेले. थोडे डावीकडून गेले असते तर!

मी सगळं तपासलं, ताई. प्लायवूड, खिळे, चर्चची वीज. लोक म्हणतात, छताचा दोष. काही म्हणतात, इतका मोठा वूफर देवाला आवडला नसेल. आणि नॉव्हलेट? तीन दिवस बोटाला पट्टी बांधून घरात फिरते, आणि मी तिच्या मागे-पुढे फिरतो. माझा जीव टांगणीला लागलाय.

बाकी सगळं क्षेमकुशल. हीटर बंद कर.

तुझा,
एग्बर्ट

ता. क. आयरिस सांगते, पुढच्या बॅरलमध्ये उजव्या पायाच्या चपला पाठव. दोन.

दुसरा ता. क. पाकीट बंद केलं होतं, परत उघडलं. ताई, वर लिहिलेलं सगळं खरं आहे, फक्त "सगळं तपासलं" हे खरं नाही. तपासायची गरज नव्हती. पेटीच्या मागे दोन वायरी असतात, एक तांबडी, एक काळी. एकाच पेटीला त्या उलट्या जोडल्या की एक वूफर पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो. दोघं एकमेकांचा आवाज खातात, आणि बरोबर मधोमध बसलेल्या माणसाला काही उरत नाही. शनिवारी मी त्या उलट्या जोडल्या. मुद्दाम. मानाची जागा म्हणे! ताई, ती मोंटेगो बेला राहायला गेली तर संध्याकाळी या घरात मी, आयरिस आणि तिची चिनी मातीची कुत्री (जी उरली ती), दुसरं कोण? मी पोरीचा आवाज मारला गं. मला तिला सांगायला तोंड नाही.

तिसरा ता. क. पाकीट पुन्हा उघडलं. म्हणून माझी खरी विनंती अशी, की तू फियरनसाहेबांना लिही. मुलीचा दोष नाही, सुताराचा आहे, परत एकदा ऐका म्हणावं. नक्की लिही. पण लगेच लिहू नकोस. नाताळ झाल्यावर लिही.

आत्या, मी नॉव्हलेट. दोनदा उघडल्यामुळे पाकीट चिकटेना, म्हणून बाबांनी पोस्टात डिंक लावून टाक म्हणून माझ्याकडे दिलं. वाच म्हणाले नाहीत. वाचू नकोस असंही म्हणाले नाहीत. रविवारी पेट्या घरी आल्यावर मी त्यांच्या मागे बघितलं होतं. बाबांच्या हातून वायर चुकत नाही, कधीच नाही, त्यामुळे मला लगेच कळलं. खूप राग आला. काल ते दिवसभर लाकूड आणायला गेले होते तेव्हा ब्रदर ऑबिनच्या ट्रकमध्ये एकच पेटी टाकून मी मोंटेगो बेला गेले. एकटी पेटी असली की तिचा आवाज खायला कुणी नसतं. फियरनसाहेबांनी तीन गाणी ऐकली आणि टाय सैल केला. पहिल्या तारखेपासून बोलावलंय. पेटी परत जागेवर आहे, बाबांना पत्ता नाही.

आज सकाळी त्यांनी गुपचूप वायरी नीट केल्या, मला खोलीच्या बरोबर मध्ये उभं केलं आणि स्वतःच माझ्या गिटारची तार छेडली. आरसा भिंतीवरून निसटायचा राहिला. "येतंय का गं ऐकू?" म्हणाले. रागातच मी म्हटलं, नाही बाबा. तर एक क्षण, आता ही जात नाही असं वाटून, त्यांचा चेहरा असा खुलला म्हणून सांगू, आणि मग स्वतःचीच लाज वाटून ते मान खाली घालून पेटीमागे जाऊन बसले, कितीतरी वेळ. माझा राग तिथेच गेला, आणि रडू आलं.

हे पत्र तुला पोचेल तेव्हा मी गेलेली असेन. तेव्हा उत्तर आधी त्यांना लिही, मला मागाहून. मी निघेपर्यंत ते रोज विचारणार, आणि त्यांच्यासाठी मला काही म्हणता काही ऐकू येणार नाही.