नवं सील देव्हाऱ्यात

सोपानराव,

जीपच्या इंजिनाचं मागचं ऑइल सील गळतंय म्हणून नवं आणलंत, खंडेनवमीला पान्यांसोबत त्याला हळदकुंकू वाहिलंत आणि देव्हाऱ्यातच ठेवलंत. ते बसवायला गिअरबॉक्स उतरवला तर फेऱ्या बुडतील ना! पॅसेंजरनं खाली सांडलेलं तेल दाखवलं की तुम्ही म्हणायचात, "लई पळतीया, घाम येतोय तिला." आज तो घाम क्लचवर उतरला, क्लच घसरला अन् वेल्ह्याच्या चढावर भरलेली जीप मागं सरकली. आपली लेक पिंकी आत होती. चाकामागं दगड मी उतरून लावला. तुम्ही ब्रेक दाबून नवस बोलत होता.

चावी घेऊन मी सारोळ्याच्या मिस्त्रीला आणायला चाललेय. पॅसेंजर आले तर जीप का उभी आहे ते खरं सांगा. तेवढी जीभ उचलत नसेल तर हीच चिठ्ठी काचेवर चिकटवा.

प्रेरणा