पेठेच्या नावाची चटणी

शनिवार, १४ मार्च १९९८

काल लिहिलं ते चूक. आमच्या चटणीची पाकिटं माझ्या चकचकीत लेबलमुळे खपत नाहीत. आज राजारामपुरीतल्या दुकानात एक बाई लेबलकडे न बघताच विचारत होत्या, "मंगळवार पेठेतली हाय न्हवं? मग दोन द्या. पुण्यात लेकीला दुसरी चालत न्हाय."

पेठेतली! आणि लेबलवर मी हौसेनं इंग्रजी नाव घातलंय. नव्या लेबलवर पेठेचंच नाव हवं, या विचारानं झोप येईना. पण ते एकट्या आमचं कुठे? डंकावर मिरची कुटायला येऊन एकमेकींच्या चटणीत बोट बुडवणाऱ्या साऱ्याजणींचं आहे.

आई म्हणाली, "इचार की त्यास्नी. खात्यात व्हय तुला?"

नको म्हणाल्या तर इंग्रजीच राहील. गुरुवारी, १९ मार्चला, त्या डंकावर जमतील तेव्हा पाकीट फोडून त्यांच्यापुढे धरणार आणि पेठेचं नाव घालू का, विचारणार.