विज्डमचं उदाहरण

मंगळवार, संध्याकाळ. कामशेत.

आज आठवीला नॉलेज आणि विज्डम यांतला फरक शिकवत होते. मध्येच शाळेतल्या शिपाई मावशी सुट्टीची सूचना वाचून दाखवायला आल्या. वाचताना अडखळल्या, तर मी भर वर्गात दोनदा त्यांची चूक सुधारली. मुलं हसली. मी? हो, मीही हसले.

मावशींनी सूचना संपवली आणि म्हणाल्या, "बाई, तुमचा फोन आलाय. जरा भायेर या."

व्हरांड्यात हळूच म्हणाल्या, "फोनबिन काय न्हाई. कुडता उलटा घातलाय तुमी. बदलून या, मी थांबते वर्गावर."

म्हणजे सकाळपासून उलट्या कुडत्यात मी शहाणपण शिकवत होते! ती बाहेर आलेली शिवण अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

उद्या मुलांना उदाहरणं द्यायची आहेत. विज्डमचं मावशींचं देता येईल. पण मग नुसत्या नॉलेजचं माझं द्यावं लागेल.