पहिलं पान वानवळा

॥ श्री वीतरागाय नमः ॥

राजारामपुरी, कोल्हापूर
ता. १२ जून २००६

ती. सौ. शालूअक्का यांना,
धाकट्या भावजयीचा शि. सा. न. वि. वि.

आपण हुपरीहून एस.टी.नं पाठवलेला वानवळा पोचला. भुईमुगाच्या शेंगा, काकवीची बाटली आणि नाचणीचे पापड. हमाली पाच रुपये, रिक्षा पंधरा. रिक्षावाला वीस म्हणत होता. त्याला म्हटलं, पावणं, काकवी आमच्या नणंदेनं दिलीया, तुम्ही नव्हे. निम्म्या शेंगा शेजारी दिल्या. वानवळ्यातला वानवळा.

आपल्या थोरल्या दिरांच्या, अण्णांच्या, वृषभचा फोटो आणि माहितीही मिळाली. मुलगा नाकीडोळी नीट आहे. फोनवर न बोलता पत्र लिहिलंत ते बरं केलंत. तुमचा फोन अण्णांच्या चांदीच्या दुकानात गादीशेजारी, आणि आमच्याकडे आपल्या भावांनी नुसतं ऐकलं तरी ते पेढे आणायला चप्पल घालतील.

आमच्या रोहिणीचं विचारलंत. क्लासमधली नोकरी सोडून ती आता घरीच कॉम्प्युटरवर बसते. लोकांच्या दुकानांची इंटरनेटवर पानं करून देते, वेबसाइट म्हणतात त्याला. पुण्याचे, दुबईचे, कुठकुठले लोक ओळख ना पाळख विचारतात, काम होईल का. ही हरखते. आधी नमुना दाखवा म्हणाले की ही आख्खं दुकान मांडून दाखवते. मग ते म्हणतात, विचार करून कळवतो. तो विचार अजून चालू आहे. एकानं तर हिचाच नमुना उचलून आपल्या नावानं लावला. विजेचं बिल मात्र कसलाही विचार न करता वेळेवर येतं.

मी तिला सांगितलं, अगं, वानवळा ओंजळभर असतो. पोतंच उचलून दिलंस तर घेणारा बाजाराला कशाला जाईल? तर उलट मलाच म्हणाली, तू तीन ठिकाणच्या लोकांपुढं मला चहा घेऊन बाहेर काढलंस, तेही विचार करून कळवतोच म्हणाले. माझी गिऱ्हाइकं आणि तुझे पावणे एकाच शाळेत शिकलेत. हसले खरी, पण त्या दिवशी घास गोड लागला नाही. सव्विसावं चालू आहे तिला.

तेव्हा वृषभच्या घरचा अंदाज घ्यावा. आमच्यावरची माया आटू देऊ नये.

आपली
अरुणा


हुपरी
ता. ३ जुलै २००६

चि. सौ. अरुणास,
शालूअक्काचे अ. उ. आ.

पत्र मिळालं. माझ्या भावाचा, बाहूचा, खोकला कसा हाय? तंबाखू सोडली म्हणतोय, पर खिसं तपासत जा.

तू धाडलेला रोहिणीचा फोटो अण्णांना आन जाऊबाईंना दावला. पोरगी वाईट न्हाय, असं अण्णा म्हणाले. त्यांचं बोलणं असंच. सरळ बरी हाय म्हणाले तर जीभ झिजंल. रोहिणी कॉम्प्युटरवर दुकानाची पानं करती हे ऐकून मात्र त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, मग आमच्या पैंजणांचं एक करून दे म्हणावं, बाहेरच्या देशात माल जाऊ दे. वृषभ रविवारी नमुने घेऊन तिकडं येईल.

पैशाचं मी काढलं न्हाय, तूबी काढू नको. बघायच्या कार्यक्रमाला पोरीच्या हातचं पोहं खात्यात की न्हाय? पोह्याचं कोण पैसं देतं? हे तसंच समज. पोरगी हुशार हाय एवढं त्यांना दिसलं की पुढचं मी बघती.

वृषभला दिवस मावळायच्या आत जेवू घाल. जाऊबाई असल्या गोष्टी घरी गेल्यावर इचारत्यात.

पोरीला माझा पापा. आणि त्या कॉम्प्युटरपायी घरच्या कामाकडं दुर्लक्ष करू नको म्हणावं, बोटं आखडतील.

तुझी
शालूअक्का


॥ श्री वीतरागाय नमः ॥

कोल्हापूर
ता. ६ ऑगस्ट २००६

ती. सौ. शालूअक्का यांना,
अरुणाचा शि. सा. न. वि. वि.

यांची तंबाखू सुटली नाही, जागा बदलली आहे. आता ती छत्रीत असते.

वृषभ पहिल्यांदा आला त्याला महिना होत आला. आता दर रविवारी येतो. मुलगा गोड बोलतो, ताटात काही टाकत नाही. रोहिणीनं आपल्या निळ्या ओढणीवर एकेक पैंजण ठेवून फोटो काढले. पान झालं. मग अण्णांना घुंगरू मोठे दिसायला हवे होते, ते झालं. मग इंग्रजीत हवं, ते झालं. मग प्रत्येक पैंजणाला वेगळं पान. ती करत राहिली. मीही तिला थांबवलं नाही, अक्का. परक्यांना दिला तेव्हा वानवळा फार होतोय म्हणून सांगणारी मी, इथं गप्प बसले. एका रविवारी मी पुरणपोळी केली होती, कटाच्या आमटीची वाटी त्यानं सरळ तोंडाला लावली. मला वाटलं, घरचाच झाला.

बाहेरच्या गिऱ्हाइकांशी मात्र रोहिणी आता शहाणी झाली आहे. विचारणा आली की त्याच दिवशी उत्तर देते. आधी स्वतःचं काही दाखवत नाही, त्यालाच विचारते, तुमचं नेमकं अडतंय कुठं, कधीपर्यंत हवं, आणि ठरवणारं माणूस कोण? म्हणते, ठरवणारा दुसराच असेल तर आपण भिंतीशी बोलतोय. मग एक पान नमुन्याला, त्याच्यापुढं अर्धे पैसे हातात आल्याशिवाय नाही. मस्कतमध्ये चादरी विकणारा एक सोलापूरकर आहे. त्यानं कुरकुर केली, दोन दिवस गप्प बसला आणि तिसऱ्या दिवशी अर्धे पैसे बँकेत आले. या कामातली तिची पहिली कमाई. मी देवापुढं दिवा लावला आणि हे तासभर पासबुकच बघत बसले.

गंमत सांगते. परवा तिनं हसत हसत वृषभलाच विचारलं, तुमच्याकडं ठरवणारं माणूस कोण? तो पैंजणाच्या पेटीकडं बघत म्हणाला, घरातले ठरवतील. रोहिणीनं पेटीचं झाकण लावून टाकलं.

अक्का, श्रावण निम्मा सरत आला. आता अण्णांना स्पष्ट विचाराल ना? जिवाला घोर लावून ठेवू नये.

आपली
अरुणा


हुपरी
ता. ३० ऑगस्ट २००६

चि. सौ. अरुणास,
अ. उ. आ.

पर्युषण पर्वाचे दिवस हायत, म्हणून आधीच सांगती, मन मोठं करून वाच.

वृषभचं इचलकरंजीत ठरलं. यंत्रमागवाल्यांची एकुलती पोरगी हाय. आपल्या रोहिणीला कुणी नावं ठेवली न्हाईत. जाऊबाई एवढंच म्हणाल्या, पोरगी दिवसभर त्या डब्यापुढं बसती, घराकडं कधी बघणार? मी म्हटलं, आमच्यासाठीच बसली हुती की. तर म्हणाल्या, ते खरं, पर सवय ती सवय. मी सून हाय त्या घरात, अरुणा. किती बोलणार?

पान मात्र अण्णांना लई आवडलं. सिंगापूरहून मागणी आली. नवीन भाव सोबत लिहून धाडलेत, तेवढं रोहिणीला बदलायला सांग. आणि वृषभच्या लग्नाची पत्रिकाबी त्या पानावर लावता येती म्हणं. तेवढं करून दे म्हणावं, घरचंच हाय. अण्णांनी खूश होऊन रोहिणीला पैंजणाचा जोड बक्षीस दिलाय, वृषभचा माणूस घेऊन येतोय.

वाईट वाटून घेऊ नको. पोरीच्या नशिबात असंल ते चालून येईल.

तुझी
शालूअक्का


॥ श्री वीतरागाय नमः ॥

कोल्हापूर
ता. ९ सप्टेंबर २००६

ती. सौ. शालूअक्का यांना,
अरुणाचा शि. सा. न. वि. वि.

पोचलेल्या वस्तू: आपलं पत्र एक, नव्या दरांचा कागद एक, लग्नाची पत्रिका एक, पैंजणाचा जोड एक. घेऊन येणाऱ्याला चहा आणि परतीचं तिकीट आम्ही दिलं. पैंजण गुजरीत सराफाला दाखवला. एका पायातल्याची कडी तुटून पुन्हा जोडलेली आहे. परत आलेला माल असावा. तो रजिस्टर पोस्टानं परत पाठवत आहे. टपालखर्च माझा.

उपास चालू होते म्हणून लगेच लिहिलं नाही. उपाशी माणसानं रागानं लिहू नये. काल बस्तीत देवापुढं क्षमावणी झाली. नाव घेऊन प्रत्येकाची क्षमा मागितली. आपली मागितली, अण्णांची, जाऊबाईंचीही. काया वाचा मने काही दुखावलं असेल तर उत्तम क्षमा. आणि मीही क्षमा केली. हे मी खरं लिहिते आहे, देवळातून येऊन लिहिते आहे.

पण बिल सोबत आहे.

ते रोहिणीनं केलंय. तिला वाईट वाटलं असणार, पण माझ्यापुढं डोळ्यांत पाणी आणलं नाही. इतकंच म्हणाली, अर्धे आधी घ्यायचे असतात हे मला ठाऊक होतं, पण ओढणी आपली होती, कट आपला होता, मला वाटलं दुकानही आपलंच होणार. बाहेरच्याला जो दर, तोच तिनं लावलाय. नवे भाव चढवलेले नाहीत. लग्नाची पत्रिका लावलेली नाही. पानाचं कुलूप तिच्याकडं आहे, पैसे पोचले की किल्ली, म्हणजे पासवर्ड, अण्णांना मिळेल. सिंगापूरवाला तोवर थांबेल. विचार करून कळवणाऱ्यांची सवय त्यालाही होईल.

बिलाच्या तळाशी तिनं स्वतःच्या हातानं एक ओळ लिहिली आहे: पहिलं पान वानवळा, म्हणून वजा. मी ती खोडायला सांगणार होते. मग राहू दिली. आपण शेंगा पाठवल्या होत्या, त्याची फेड तेवढ्यात होते. त्यापुढचं पोतं आहे, अक्का, आणि पोत्याला भाव असतो. पोह्याला नसतो हे कबूल. पण पोहे खाणाऱ्यानं उद्याही पोहे पाठवा म्हणून निरोप द्यायचा नसतो.

यांनी दोन दिवस छत्री घेऊन घराबाहेरच काढले. बहिणीच्या सासरी बिल धाडणारी बायको त्यांनी पाहिली नव्हती. आपल्याला तिथं काय ऐकावं लागेल हे मलाही कळतं, मीही सूनच आहे. आज सकाळी मी बिलाचं पाकीट टेबलावर ठेवून बस्तीत गेले. परत आले तर त्यावर पत्ता लिहिलेला होता. अक्षर आपल्या भावाचं आहे, ओळखालच.

भाऊबीजेचं ताट दरवर्षीसारखं मांडणार. दिवस मावळायच्या आत जेवण होईल. आपण यायचं की नाही हे ठरवणारं माणूस आपणच, की अण्णा, तेवढं मला साफ लिहा. विचार करून कळवते असं मात्र लिहू नका. उलट टपाली कळवा.

आपली
अरुणा