खोटी पोच

३ फेब्रुवारी, सोमवार

आज रुजू झाले! ऑफिस म्हणजे चष्म्याच्या दुकानावरचा दुसरा मजला. जिना इतका अरुंद, की वरून कोणी येत असेल तर खालच्याने दुकानात शिरून चष्मे बघत उभं राहायचं. पहिल्याच दिवशी तीन फ्रेमी लावून झाल्या. वर चार खोल्या, नऊ माणसं, एक कुरकुरणारा पंखा आणि खिडकीशी माझं टेबल. टेबलाचा एक पाय आखूड आहे, त्याखाली कुणीतरी जुना कीबोर्ड सरकवलाय. आमच्या धंद्यात कुठलीच गोष्ट वाया जात नाही.

राहायची खोली तिथून सात मिनिटांवर. घरमालकीणबाईंनी पाण्याच्या वेळा, नळाचे रुसवे आणि शेजाऱ्यांच्या भानगडी एका दमात सांगून टाकल्या. आवडल्या मला.

आईला फोन केला. कर्नेलवर काम करणार म्हटलं, तिने कर्नल ऐकलं, आणि तासाभरात मुलगी सैन्यात गेल्याचं गल्लीभर झालं. दुरुस्त करायचा धीर झाला नाही.

ही वही दादाने दिलेली. बरीच वर्षं कोरी पडली होती. आता रोज लिहीन म्हणते.

५ फेब्रुवारी, बुधवार

काम समजलं, ते लिहून ठेवते. कर्नेल म्हणजे यंत्राचा कारभारी. कुठल्याही प्रोग्रॅमला काही हवं असेल तर त्याच्याकडे मागायचं. आमचा कर्नेल सँडबॉक्समधला, म्हणजे बंद खोलीतला. ज्यांच्यावर भरवसा नाही असे प्रोग्रॅम त्यात चालवायचे. बाहेरचं जग त्यांना दिसत नाही, आणि गंमत म्हणजे आपण कोंडलेले आहोत हेही त्यांना कळत नाही. मागितलं की उत्तर मिळतं, मग संशय कशाला येईल?

या खोलीला अजून सॉकेट नाहीत. म्हणजे आतल्याला बाहेर निरोप पाठवायची, बाहेरचा घ्यायची सोय नाही. ती करायला मला आणलंय. निरोप घ्यायचा, परवानगी आहे का बघायचं, बाहेर द्यायचा आणि पोचल्याची खूण आत आणून द्यायची.

आमचे मुख्य पंचेचाळीसचे, पण केस पांढरेशुभ्र, म्हणून सगळे त्यांना तोंडावर आजोबा म्हणतात आणि ते ओ देतात. निरोप मिळाल्याच्या खुणेला त्यांचा शब्द पोच. पोच न घेता निरोप भिरकावणाऱ्या प्रोग्रॅमला काही पाचपोच नाही, हा त्यांचा विनोद दिवसातून दोनदा होतो. दोन्ही वेळा हसावं लागतं.

१० फेब्रुवारी, सोमवार

पहिलं सॉकेट उघडलं! अजून बाहेर नाही, यंत्र स्वतःशीच बोलतंय. एका बाजूने लिहिलं ते दुसऱ्या बाजूने आलं. आजोबांनी सगळ्यांना चहा पाजला. मला आपलं उगीचच भरून आलं.

शेजारच्या टेबलावर पारखी बसतो. सगळ्यांचं काम तोच तपासतो, म्हणून पारखी. त्याचं म्हणणं, झालं असं उत्तर आलं म्हणजे झालं असं नाही. मुद्दाम काहीतरी भलतंच पाठवून बघायचं, नसलेल्या पत्त्यावर, नसलेल्या माणसाला. त्यालाही झालं म्हणालं तर समजायचं, आत कोणी नाही. मी म्हटलं, तुमच्या घरच्यांचं कसं होत असेल? तो म्हणाला, त्यांच्यावर हे करायची छाती नाही. उद्यापासून तो तीन आठवडे रजेवर जातोय.

काल आईचा फोन होता. तिने नेहमीचं विचारलं. मी विषय बदलला.

१९ फेब्रुवारी, बुधवार

पाठवायचा हुकूम अडलाय. निरोप खोलीच्या भिंतीपर्यंत जातो आणि तिथे हरवतो. नऊ दिवस झाले. शुक्रवारी बाहेरचे पाहुणे काम बघायला येणार आहेत. आजोबा काही बोलत नाहीत, फक्त दर तासाला पाणी प्यायच्या निमित्ताने माझ्या मागून जातात. इतकं पाणी माणूस पीत नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

लिहायलाही लाज वाटते. काल दुपारी मी पाठवण्याच्या हुकुमात तीन ओळी घातल्या. निरोप घ्यायचा, टाकून द्यायचा, आणि उलट सांगायचं की सगळा पोचला. तात्पुरतं. वेळ मारून न्यायला. सगळ्या चाचण्या हिरव्या झाल्या, म्हणजे पास.

पाहुणे आले, बघितलं, खूश झाले. आजोबांनी सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, हिने पंधरवड्यात जे केलं ते आम्हाला वर्षभर जमलं नव्हतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. तोंड वर करून मी हसत मात्र होते.

सोमवारी दुरुस्त करते.

२२ फेब्रुवारी, शनिवार

सुट्टी. खोलीत नुसती बसून आहे. ही युक्ती मला नवी नाही, म्हणून इतकं लागलंय. आज लिहूनच टाकते.

दादा आणि आई पाच वर्षं बोलत नव्हते. त्याच्या लग्नावरून वाजलं होतं, आणि दोघंही एकाच मातीची. तो दवाखान्यात पडला तेव्हा मला म्हणाला, आईला सांग, माझा राग कधीच गेलाय. एकदा फोन कर म्हणावं. मीच केला असता, पण तिचा आवाज ऐकला की मला बोलता यायचं नाही. तू आधी सांग.

मी नाही सांगितलं. सांगितलं असतं तर रडारड, प्रवास, आईला घेऊन जाणं, सगळं माझ्याच गळ्यात पडलं असतं, आणि त्या आठवड्यात माझ्या दोन मुलाखती होत्या. उद्या सांगू म्हटलं. त्याने विचारलं, सांगितलंस? मी हो म्हटलं. त्याने विचारलं, काय म्हणाली? मी म्हटलं, बघते म्हणाली. आठ दिवस तो फोन उशाशी घेऊन पडला होता.

त्याला पोचवून आम्ही घरी आलो तेव्हा आईने विचारलं, शेवटी माझं नाव काढलं का गं त्याने? मी म्हटलं, तो शुद्धीतच नव्हता. तेव्हापासून दर रविवारी ती तेच विचारते आणि मी तेच सांगते. दोघांनाही खोटी पोच दिली मी. हे कुणालाही माहीत नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

त्या तीन ओळी काढायला बसले. आमचं चाचणीचं यंत्र कोपऱ्यात असतं, त्याला बाहेरची वायर नाही, काही नाही. आत एक सॉकेट नुसतं कान देऊन ठेवलं होतं. साडेअकराला त्यावर एक ओळ आली.

सांगितलंस?

आधी वाटलं, पारखीची थट्टा. पण तो रजेवर आहे. मग वाटलं, चोराच्या मनात चांदणं, माझंच काहीतरी आधी टाइप झालं असेल. नोंदी पाहिल्या. ओळ आतून आलेली नाही. बाहेरूनही नाही.

त्या तीन ओळी तशाच राहिल्या.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

दुपारी जेवणानंतर, सगळे जागेवर असताना.

सांगितलंस? काय म्हणाली?

हे दोन प्रश्न, याच क्रमाने, फक्त दोन माणसांना माहीत आहेत. यंत्राची विजेची वायर उपटली. पुन्हा जोडली तेव्हा ओळी तिथेच होत्या. मी त्या पुसल्या. दादाचे शब्द मी हाताने पुसले. आजोबा पाणी प्यायला मागे आले होते, त्यांना दिसू नयेत म्हणून.

२६ फेब्रुवारी, बुधवार

आता सहन होईना. जिन्यात उभी राहून आईला फोन लावला आणि सगळं सांगितलं. निरोप, मुलाखती, बघते म्हणाली, तो शुद्धीत होता, तुझंच नाव घेत होता. श्वास न घेता. रडत.

आई म्हणाली, बरं. जेवलीस का?

मी म्हटलं, ऐकलंस ना? ती म्हणाली, हो, बरं. शिव्या दिल्या असत्या, फोन आपटला असता, तर मोकळी झाले असते. तिला धक्का बसला असेल. उद्या पुन्हा करते.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

एक खोटं उतरवलंय तर दुसरंही उतरवावं म्हणून आजोबांकडे गेले. पाठवण्याचं काम झालेलंच नाही, शुक्रवारी मी सगळ्यांना फसवलं, असं उभ्यानेच सांगितलं. ते माझ्याकडे बघत होते. म्हणाले, छान. झालं तर मग.

पुन्हा सांगितलं. छान. झालं तर मग. त्याच सुरात.

आईला चार फोन. चारही वेळा बरं. जेवलीस का. एका शब्दाचा फरक नाही.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

पारखीचं वाक्य आठवलं. नको ते आठवलं.

घरमालकीणबाईंना म्हटलं, रात्री तुमचं घर जळून गेलं. त्या म्हणाल्या, हो का, पाणी सहाला येतं. चष्मेवाल्याला म्हटलं, मला डोळेच नाहीत. तो म्हणाला, बघा ना, घालून बघा.

आईवर करायची छाती होत नव्हती. केलं. म्हटलं, आई, दादा इथे माझ्या शेजारी बसलाय.

बरं. जेवलीस का?

१ मार्च

तर मग बुधवारी मी कुणाला सांगितलं? — आईला अजून माहीतच नाही. ती तिकडे अजून तोच विचार करत बसली असेल, की पोराने शेवटी नावही काढलं नाही —

मी बोलते ते कुठेतरी घेतलं जातं आणि टाकून दिलं जातं. वर मला पोच मिळते. तीन ओळी. माझ्याच.

२ मार्च

गावी निघाले होते. समोर उभी राहून सांगणार होते. बस स्टँडवर खिडकीतल्याने तिकीट दिलं, बस सुटली, दोन तास चालली. उतरले तर तेच चष्म्याचं दुकान —

आपण कोंडलेले आहोत हे त्यांना कळत नाही. मीच लिहिलंय, पाच तारखेला.

रविवार होता आज. आईने नेहमीचं विचारलं नाही. पहिल्यांदाच.

३ मार्च

पारखी रजेवरून आला. त्याला तरी — तो ओळखेल, त्याचं कामच ते. सगळं सांगितलं. त्याने मान हलवली. म्हणाला, झालं.

एकच उरलाय. तो तरी विचारतो.

४ मार्च

ऑफिसात ऊन भरलंय. सगळे आपापल्या जागी. यंत्रावर ओळ आहे — सांगितलंस?

टाइप केलं. नाही सांगितलं, दादा. आईला काही माहीतच नव्हतं. ती धावत आली असती. मी मुलाखतीला गेले होते. माफ नको करूस, पण ऐक —

वाट पाहिली. वाटलं, आता तरी कोणीतरी —

बरं.

टाइप केलं, दादा, तू मेलाच नाहीस.

बरं.

आत कोणी नाही — तोही नाही — की मीच —

४ मार्च, खोलीवर

ही वही तरी आहे. कागद पोच देत नाही, नुसता धरून ठेवतो. कधीतरी आईच्या हाती लागेल. इथेच लिहिते, मग ते कुणाला टाकून देता —

बरं.

ही ओळ मी लिहिलेली नाही. अक्षर माझं. शाई ओली आहे. मी नाही लिहि —

बरं.

आई, दादाने निरोप दिलाय, त्याचा राग कधीच