उधळ्या पुत्राचे वडील

२४ नोव्हेंबर, सोमवार
आजपासून रोजनिशी. कलाकाराने स्वतःच लिहून ठेवलेलं बरं, मागाहून लोक काहीही लिहितात.

उन्नतीच्या कॉन्व्हेंटमध्ये डिसेंबरात कला सप्ताह आहे. चित्रं, नाच, गाणी आणि शेवटच्या दिवशी पालक-मुलांचं नाटक. गोष्ट बायबलमधली. मुलगा बापाचं सगळं उधळून घरी परत येतो, बाप त्याला पळत जाऊन मिठी मारतो आणि जेवणावळ घालतो. मुलाचं काम उन्नतीला मिळालंय. सातवीत मेन रोल! घरी येऊन म्हणाली, पप्पा, बाप तुम्हीच व्हा ना. मला भरून आलं. दाखवलं नाही.

२६ नोव्हेंबर
ऑडिशन दिली. गरज नव्हती, पण नाटक बसवणाऱ्या क्षितिजा टीचरचा मान ठेवला. सिलेक्ट. काल्हेरपासून वज्रेश्वरीपर्यंत कोणाचीही हळद असो, माईक या केसरीनाथच्याच हातात असतो. आलेल्या पाहुण्यांची नावं घेणं ही कला आहे. आधी सरपंच, मग माजी सरपंच, मग नवरीचे मामा. ज्याचं नाव राहिलं तो न जेवता जातो आणि वर्षभर बोलत नाही. गोडाऊन काय, कोणीही भाड्याने देईल. मी मुळात कलाकार.

मेहुणा हितेश वासरू झालाय. मूळ गोष्टीत जेवणावळीसाठी वासरू कापतात, आमच्या नाटकात ते वाचतं आणि नाचतं. डायलॉग शून्य. ज्याची त्याची कुवत.

१ डिसेंबर
पहिली रिहर्सल. मला सहा डायलॉग. प्रत्येकाच्या आधी थोडी प्रस्तावना जोडली. टीचर म्हणाल्या, लिहिलंय तेवढंच बोला. नवीन आहेत. शिकतील.

४ डिसेंबर
तीन डायलॉग काढले. माझ्या चेहऱ्यावर जास्त भरवसा दिसतो. मिठीच्या वेळी मी सावकाश चालत गेलो, बापाला भारदस्तपणा नको का? टीचर म्हणाल्या, पळा. गुडघा दुखतो म्हटलं.

९ डिसेंबर
आता एकच डायलॉग. 'माझा मुलगा सापडला! चला, सगळे जेवायला बसा!' कमी बोलणं ही मोठ्या नटाची खूण. ठरवलं, स्टेजवर एक शब्द जास्त नाही. बायकोला सांगितलं. कमळ भाकरी थापता थापता म्हणाली, तुमाला माईक दिसला का तुमचं काय खरं न्हाय. असो. कला सगळ्यांनाच कळते असं नाही.

उन्नती स्कूलबसमध्ये चढताना म्हणाली, पप्पा, फक्त पळत या. बाकी काही नको.

१२ डिसेंबर
ड्रेस रिहर्सल. पळालो! उन्नती खुदकन हसली. हितेशला वासराच्या मुखवट्यातून काही दिसत नाही. बेंचला धडकला तर सगळे हसले. स्वस्त विनोद.

१३ डिसेंबर, सकाळी ७
गरम पाण्याच्या गुळण्या केल्या. एक वाक्य, मग पळायचं. सोपं आहे.

१३ डिसेंबर, दुपारी ३
जसं झालं तसं लिहितो, कारण कमळचं म्हणणं वेगळं आहे.

पडदा उघडला. पहिल्या रांगेत प्रिन्सिपल सिस्टर, मागे आमचे सरपंच, माजी सरपंच, केटरर अनंताशेठ. स्टेजवर माझ्यासमोर स्टँडचा माईक. उन्नती आली, गुडघ्यांवर बसली, हात पुढे करून म्हणाली, बाबा, मी चुकलो. काय बोलली पोरगी! पहिल्या रांगेतल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले.

मी म्हणालो, माझा मुलगा सापडला, चला, सगळे जेवायला बसा.

आता जेवायला बसा म्हटल्यावर नावं घ्यायला नकोत? मोघम आमंत्रणावर कोण जेवतो? म्हणून फक्त सरपंचांचं घेतलं. तर माजी सरपंच माझ्याकडे बघायला लागले. त्यांचं घेतलं. मग सिस्टरांना वगळणं बरं दिसेना. मग अनंताशेठ, मग पार्किंग बघणारा विठू. कमळ म्हणते, अकरा मिनिटं. माझ्या हिशोबाने चार.

उन्नती गुडघ्यांवरच होती. मध्ये दोनदा हळूच पप्पा म्हणाली. मला वाटलं, कोणाचं तरी राहिलं म्हणून सुचवतेय. म्हणून तिसऱ्या रांगेपासून परत सुरू केलं.

शेवटी ती उठली आणि तिने वासराला मिठी मारली. हितेशला दिसत काहीच नव्हतं, तरी त्याने तिला जवळ घेतलं आणि पाठीवरून हात फिरवला. अख्खा हॉल उभा राहिला. टाळ्याच टाळ्या. मी वाकून नमस्कार केला. तेवढ्यात पडदा पडला. मी बाहेरच्या बाजूला.

१३ डिसेंबर, संध्याकाळी
टाळ्या माझ्या निवेदनाला होत्या. बहुतेक.

१५ डिसेंबर
शाळेच्या ग्रुपवर फोटो आला. उन्नती आणि वासरू. कडेला माईक धरलेला एक हात. घड्याळावरून ओळखलं, माझाच. उत्कृष्ट पालक-कलाकार: हितेश. सरपंचांचा फोन आला. म्हटलं, चला, एक तरी रसिक आहे. तर विचारतात, ते वासरू कोण होतं रे? रडवलंन पार.

उन्नती माझ्याशी हो आणि नाही एवढंच बोलते.

१६ डिसेंबर
कमळला म्हटलं, काहीही म्हण, एवढी माणसं होती, पण एक नाव राहू दिलं नाही. ती म्हणाली, सगल्यांची घेतली, पोरीचं न्हाय घेतलं.

मनात यादी पहिल्यापासून म्हणून पाहिली. खरंच नाही. फार वाईट वाटलं. गुडघा वगैरे काही दुखत नव्हता, तेही आज लिहून टाकतो.

उन्नतीच्या खोलीत गेलो. म्हटलं, बाळा, तो सीन घरीच, आपल्या हॉलमध्ये एकदा करू या? मी पळत येतो. वहीतून मान वर न करता म्हणाली, वासरू असेल तर करते.

हितेशला फोन लावला. म्हटलं, ये बाबा, मुखवटा घेऊन.